बास्करव्हिल वापरताना: एका जुन्या सेरिफ अक्षराची ओळख, निवड आणि मांडणी

इंग्रजी मजकुराला जरा भारदस्त रूप द्यायचे ठरले की नवखा मांडणीकार संगणकातील फॉन्टची यादी चाळू लागतो आणि यादीच्या सुरुवातीलाच त्याला बास्करव्हिल हे नाव भेटते. नाव कुठेतरी ऐकलेले असते, अक्षर देखणे असते, म्हणून ते निवडले जाते. पुस्तक छापून हातात आल्यावर मात्र पडद्यावर दिसलेली नजाकत कागदावर कुठे हरवली, असा प्रश्न पडतो. प्रबंध, कवितांचा इंग्रजी अनुवाद, संस्थेची द्वैभाषिक स्मरणिका किंवा साधी आमंत्रणपत्रिका पहिल्यांदाच स्वतः मांडणाऱ्यांना हा प्रश्न पडू नये, म्हणून हा लेख आहे. लेखात ‘अक्षरवळण’ हा शब्द अक्षरांच्या आराखड्यासाठी आणि ‘फॉन्ट’ हा शब्द त्या आराखड्याच्या संगणकीय फाइलसाठी वापरला आहे. एका अक्षरवळणाचे अनेक फॉन्ट असू शकतात, आणि बास्करव्हिलच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात.

पहिली पायरी: हे अक्षर कोणत्या कागदासाठी घडले ते समजून घ्या

इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात जन्मलेला जॉन बास्करव्हिल (१७०६–१७७५) मुळात छपाईच्या धंद्यातला नव्हता. बर्मिंगहॅममध्ये तो सुलेखन शिकवीत असे आणि थडग्यांच्या शिळांवर अक्षरे कोरून देत असे. आपल्या या कामाची जाहिरात करणारी, त्याने कोरलेली एक लहानशी शिळा त्या शहरात आजही जपून ठेवलेली आहे. पुढे तबके, पेट्या अशा वस्तूंवर जपानी पद्धतीचे चकचकीत रोगण चढवण्याच्या व्यवसायात त्याने भरपूर पैसा मिळवला, आणि चाळिशी उलटल्यावर, १७५० च्या सुमारास, तो पैसा स्वतःच्या मनासारखे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे, घडवण्यात घालायला सुरुवात केली. अक्षरांचे आराखडे त्याचे होते आणि पोलादी पंच, म्हणजे ज्यांवरून खिळ्यांचे साचे बनतात ते ठसे, कोरण्याचे काम जॉन हँडी हा कारागीर करीत होता. त्याच्या छापखान्यातून पहिले पुस्तक, रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यांची आवृत्ती, बाहेर पडले ते १७५७ साली. म्हणजे एका पुस्तकासाठी सुमारे सात वर्षे गेली.

ही वर्षे केवळ अक्षरे कोरण्यात गेली नाहीत. त्या काळचा कागद तारांच्या चौकटीवर तयार होत असल्यामुळे त्यावर समांतर रेघांचे उंचवटे राहत. छापयंत्राचा दाब मऊ गादीतून पडत असल्यामुळे शाई अक्षराच्या कडेबाहेर पसरत असे. अशा कागदावर बारीक रेघ टिकणे अवघड होते. बास्करव्हिलने यंत्राचे सपाट भाग अधिक काटेकोर करून घेतले, गादी कठीण केली, अधिक काळी शाई तयार केली, व्हर्जिलच्या काही पानांसाठी जेम्स व्हॉटमनच्या गिरणीतला नवा, रेघाविरहित, गुळगुळीत कागद वापरला, आणि छापून झालेले कागद तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून त्यांना तकाकी आणली. अक्षरांच्या जाड आणि बारीक रेघांमधला फरक त्याला वाढवता आला तो या साऱ्या खटाटोपामुळे. अक्षर, शाई, कागद आणि दाब हा त्याच्या दृष्टीने एकच विषय होता. आपण त्यातले फक्त अक्षर उचलतो आणि बाकीचे तीन छापखान्यावर सोपवतो.

म्हणून फॉन्टची यादी उघडण्यापूर्वी छपाई कशावर होणार आहे ते विचारून घ्यावे. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) साध्या मॅपलिथो कागदावर ऑफसेट, वर्तमानपत्री कागद, टोनरवर चालणारी डिजिटल छपाई, आर्ट पेपर, की केवळ मोबाइलचा पडदा, यांपैकी प्रत्येकासाठी उत्तर वेगळे आहे. वर्तमानपत्री कागद असेल तर या अक्षराचा विचार तेथेच सोडून द्यावा; त्याच्या बारीक रेघा तो कागद टिकवू शकत नाही, आणि त्यासाठी मुद्दाम घडवलेली दणकट अक्षरे उपलब्ध आहेत.

दुसरी पायरी: नाव झाकून अक्षर ओळखायला शिका

बास्करव्हिलच्या हयातीत त्याच्या अक्षरांवर एक आक्षेप घेतला जाई: रेघा इतक्या बारीक आहेत की वाचून डोळे जातील. त्याचा चाहता असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७६० साली त्याला लिहिलेल्या पत्रात या आक्षेपाची एक गंमत कळवली आहे. एक गृहस्थ फ्रँकलिनपाशी हीच तक्रार करीत होते, तेव्हा फ्रँकलिनने विल्यम कॅसलॉन या दुसऱ्या इंग्रज अक्षरकाराच्या अक्षरांचा नमुना घेतला, त्यावरचे नाव फाडून टाकले आणि हा बास्करव्हिलचा नमुना आहे असे सांगून त्या गृहस्थांच्या हाती दिला. त्यांनी त्यातले दोष एकामागून एक दाखवले, ते वाचताना डोळ्यांना कसा त्रास होतो तेही सांगितले. ज्या कॅसलॉनच्या अक्षरांत ते एरवी बिनतक्रार वाचत होते, तीच अक्षरे त्यांच्या समोर होती.

नवख्याने हा प्रयोग स्वतःवर उलट्या बाजूने करावा. एकच परिच्छेद कॅसलॉन, बास्करव्हिल आणि बोडोनी या तीन अक्षरवळणांत छापून घ्यावा, नावे पानाच्या मागे लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी केवळ अक्षरांवरून ओळखण्याचा प्रयत्न करावा. सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्याच्या टोकाला असलेली छोटी रेघ. कॅसलॉनमध्ये ती जाडसर आणि मऊ असते, बोडोनीमध्ये केसासारखी सरळ आणि दांड्याला काटकोनात चिकटवल्यासारखी असते, तर बास्करव्हिलमध्ये ती टोकदार असूनही दांड्यात हलक्या वळणाने मिसळून जाते. गोल अक्षरांत, म्हणजे लहान ‘ओ’मध्ये, सर्वांत बारीक भाग कोठे येतो तेही पाहावे. कॅसलॉनमध्ये तिरक्या धरलेल्या लेखणीची आठवण राहून तो भाग थोडा कलतो. बास्करव्हिलमध्ये तो जवळजवळ बरोबर डोक्यावर आणि तळाशी येतो. याच कारणाने मुद्रणाचे अभ्यासक या अक्षरवळणाला जुने आणि आधुनिक यांच्या मधले, संक्रमणकाळातले मानतात.

काही अक्षरे तर सहीसारखी आहेत. लहान ‘जी’चा खालचा फुगा पूर्ण मिटत नाही, डाव्या बाजूला उघडाच राहतो. कॅपिटल ‘क्यू’ची शेपटी पदर उडावा तशी उजवीकडे झेपावते. कॅपिटल ‘जे’ आधाररेषेच्या खाली उतरतो, कॅपिटल ‘ई’चा तळचा हात वरच्या हातापेक्षा स्पष्टपणे लांब असतो, आणि इटॅलिकमधल्या मोठ्या अक्षरांत सुलेखन शिकवणाऱ्या मास्तरांचा हात उघड दिसतो. पंधरा मिनिटे भिंगातून ही पाच-सहा अक्षरे पाहिली की पुढे कोणत्याही पुस्तकात हे वळण सहज ओळखता येते. मला स्वतःला ‘क्यू’पेक्षा तो उघडा ‘जी’ अधिक खात्रीचा वाटतो, कारण एका पानावर ‘क्यू’ येईलच असे नाही, पण ‘जी’ नक्की येतो.

तिसरी पायरी: बास्करव्हिल नावाच्या अनेक फॉन्टमधून आपला फॉन्ट निवडा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. बास्करव्हिलच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी सारा हिने १७७९ साली त्याचे पंच फ्रेंच नाटककार बोमार्शे याला विकले आणि त्या अक्षरांत व्हॉल्टेअरचे समग्र साहित्य छापले गेले. इंग्लंडमध्ये हे वळण जवळजवळ विस्मरणात गेले. १९२३ साली मोनोटाइप कंपनीने त्याचे पुनरुज्जीवन केले तेव्हापासून ते पुन्हा पुस्तकांत नांदू लागले. मूळ पंच तर फ्रान्समधून केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडे परतले ते १९५३ साली. या मधल्या काळात आणि नंतरही अनेकांनी आपापल्या गरजेप्रमाणे बास्करव्हिल पुन्हा रेखाटले, आणि आजच्या यादीत ते सारे एकाच आडनावाने वावरतात.

विंडोजच्या संगणकांवर ऑफिससोबत ‘बास्करव्हिल ओल्ड फेस’ येतो. नवख्यांच्या हाती बहुधा हाच पडतो आणि तोच सर्वांत जास्त फसवतो. त्याचे मूळ प्रत्यक्ष बास्करव्हिलच्या खिळ्यांत नाही. ब्रिस्टलच्या फ्राय यांच्या ओतशाळेसाठी, म्हणजे खिळे ओतण्याच्या कारखान्यासाठी, आयझॅक मूर याने त्या वळणावरून जी अक्षरे घडवली, त्यांवरून तो आला आहे. त्याच्या बारीक रेघा अतिशय बारीक आहेत आणि तो मोठ्या आकारासाठी, म्हणजे शीर्षकासाठी योग्य आहे. शिवाय त्यासोबत इटॅलिक किंवा बोल्ड येत नाही. आपण ‘आय’चे बटण दाबले की संगणक सरळ अक्षरेच तिरकी ढकलून देतो, ते इटॅलिक नव्हे, ती कललेली भिंत आहे. मी पहिली पुस्तिका याच फॉन्टमध्ये, १० पॉइंटात आणि पातळ कागदावर मांडली होती. छापून आलेल्या प्रतींत लहान ‘ई’च्या आडव्या रेघा जागोजागी नाहीशा झाल्या होत्या आणि ‘ई’ व ‘सी’ यांत फरक कळत नव्हता. दोष छापखान्याचा नव्हता.

मॅकवर येणारा ‘बास्करव्हिल’ हा मोनोटाइपच्या पुनरुज्जीवनाच्या परंपरेतला आहे, त्यासोबत खरे इटॅलिक आणि जाड वजने, म्हणजे अधिक जाड रेघांचे प्रकारही मिळतात, आणि चांगल्या कागदावरील पुस्तकासाठी तो भरवशाचा आहे. त्याची एकच अडचण आहे. शिशाच्या खिळ्यांवरून छापताना शाई थोडी पसरून रेघ किंचित जाड होत असे आणि आराखडा करणारे ही वाढ गृहीत धरीत. ऑफसेटमध्ये तेवढी वाढ होत नाही, त्यामुळे तेच आराखडे आज थोडे अशक्त दिसतात. मजकूर फिका वाटला तर आकार अर्ध्या पॉइंटने वाढवावा. थेट बोल्ड करण्याचा मोह टाळावा.

पडद्यासाठी आणि कमी खर्चाच्या डिजिटल छपाईसाठी ‘लिब्रे बास्करव्हिल’ घ्यावा. पाब्लो इम्पालारी याने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेला हा फॉन्ट अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या १९४१ सालच्या बास्करव्हिलवर आधारलेला असून त्याची लहान अक्षरे मुद्दाम उंच, रुंद आणि आतून मोकळी ठेवली आहेत. तो फुकट आहे, संकेतस्थळावर बिनधास्त वापरता येतो, आणि पीडीएफमध्ये अंतर्भूत करायला परवान्याची अडचण येत नाही. मात्र तो जागा फार खातो. १० पॉइंटातला लिब्रे बास्करव्हिल दुसऱ्या बास्करव्हिलच्या साडेअकरा पॉइंटासारखा दिसू शकतो, हे पाने मोजताना ध्यानात ठेवावे.

याउलट ‘मिसेस ईव्ह्ज’ या १९९६ सालच्या फॉन्टमध्ये झुझाना लिच्को हिने लहान अक्षरांची उंची कमी ठेवली आणि जाड-बारीक फरकही सौम्य केला. सारा ईव्ह्ज ही बास्करव्हिलच्या घरी गृहव्यवस्थापक म्हणून आली आणि पुढे १७६४ साली त्याची पत्नी झाली; फॉन्टला तिचे नाव आहे. हा विकतचा फॉन्ट कवितांसाठी आणि मुखपृष्ठांसाठी फार सुंदर दिसतो, पण त्याची अक्षरे एकमेकांपासून जरा दूर उभी असल्यामुळे सलग गद्याची दोनशे पाने त्यात मांडावीत असे मी सुचवणार नाही.

चौथी पायरी: आकार, ओळ आणि समास ठरवा

साडेपाच बाय साडेआठ इंचांचे डेमी आकाराचे पुस्तक धरले आणि मजकुराची रुंदी चार इंच ठेवली, तर ११ पॉइंटातल्या बास्करव्हिलची सुमारे साठ अक्षरे, मोकळ्या जागा धरून, एका ओळीत बसतात. सलग वाचनासाठी हे प्रमाण चांगले आहे. बास्करव्हिलची अक्षरे मुळातच रुंद आहेत, त्यामुळे टाइम्स न्यू रोमनमध्ये मांडलेले पुस्तक त्याच आकारात यात आणले की पाने वाढतात. खर्चाचा अंदाज बदलायचा असेल तर तो आधीच बदलावा, नंतर अक्षरे दाबून अरुंद करू नयेत.

दोन ओळींमधले अंतर सढळ हाताने द्यावे. ११ पॉइंटांच्या अक्षराला १४ पॉइंटांची ओळ ही सुरुवात समजावी आणि छापलेला नमुना पाहून अर्धा पॉइंट इकडेतिकडे करावे. बास्करव्हिलच्या स्वतःच्या पुस्तकांकडे पाहिले तर रुंद समास, ओळींमधली मोकळी हवा आणि वेलबुट्टी जवळजवळ नसलेली मुखपाने दिसतात. शीर्षकासाठी तो मोठी अक्षरे एकमेकांपासून थोडी सुटी करून मध्यभागी मांडी आणि तेवढ्यावरच थांबे. आजच्या मांडणीकारानेही शीर्षकाच्या कॅपिटल अक्षरांमध्ये अक्षराच्या आकाराच्या पाच ते दहा टक्के अंतर द्यावे. लहान अक्षरांत मात्र असे अंतर मुळीच देऊ नये.

इटॅलिक हे या अक्षरवळणाचे वैभव आहे. पुस्तकांची नावे, परभाषेतील शब्द, कवितेखालची तारीख यांसाठी ते वापरावे, परंतु अख्खे पान इटॅलिकमध्ये ठेवू नये, कारण तेथे अक्षरे अरुंद होतात आणि बारीक रेघांची संख्या वाढते. बोल्ड हा प्रकार मूळ बास्करव्हिलच्या काळात नव्हता, तो पुढच्या लोकांनी जोडला. पोटशीर्षकापुरता तो चालतो. आकड्यांबाबत एवढेच पाहावे की आपल्या फॉन्टमध्ये जुन्या वळणाचे, वरखाली होणारे आकडे आहेत का. असल्यास गद्यात ते आणि तक्त्यात समान उंचीचे आकडे घ्यावेत.

पाचवी पायरी: शेजारी देवनागरी असेल तर दोघांची सोयरीक नीट जुळवा

द्वैभाषिक पुस्तकात येथेच गडबड होते. दोन्ही लिप्यांना १२ पॉइंट दिले म्हणजे त्या समान दिसतील अशी समजूत असते, पण पॉइंटचे माप अक्षराच्या दिसणाऱ्या उंचीचे नसून ज्या चौकटीत ते अक्षर बसवलेले असते तिचे असते, आणि वर वेलांटी-मात्रा-रफार व खाली उकार सांभाळावे लागत असल्यामुळे देवनागरीच्या चौकटीत मुख्य अक्षराला वेगळ्या प्रमाणात जागा मिळते. म्हणून आकड्यांवर विश्वास न ठेवता डोळ्यांवर ठेवावा. बास्करव्हिलमध्ये एक मोठे आणि एक लहान अक्षर लिहून त्याशेजारी ‘नमन’ हा शब्द लिहावा. देवनागरीची शिरोरेषा लहान ‘एक्स’च्या माथ्यापेक्षा वर आणि कॅपिटल ‘एच’च्या माथ्यापेक्षा खाली येईल इतपत एका लिपीचा आकार कमीजास्त केला की दोन्ही एकाच आवाजात बोलू लागतात.

दुसरी बाब जाड-बारीक रेघांची. देवनागरीचे पारंपरिक वळण ज्या बोरूतून आले त्याची टोकाची कापणी रोमन लेखणीच्या उलट असल्यामुळे, रोमनमध्ये जी तिरकी रेघ जाड होते ती देवनागरीत बारीक होते. कललेल्या वळणाच्या जुन्या रोमन अक्षरांशेजारी हा विरोध अधिक जाणवतो. बास्करव्हिलचा अक्ष, म्हणजे गोल अक्षरांतले बारीक भाग जोडणारी रेषा, जवळजवळ उभा असल्यामुळे तो सौम्य होतो, असे माझे मत आहे. सोबतचे देवनागरीही जाड-बारीक फरक असलेलेच घ्यावे. एकसारख्या जाडीच्या रेघांचे देवनागरी आणि बास्करव्हिल एका परिच्छेदात आले की दोन वेगळ्या पुस्तकांची कात्रणे चिकटवल्यासारखी दिसतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मुक्त फॉन्ट येथे उपयोगी आहे, कारण त्याचे वळण मुंबईच्या जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांच्या परंपरेतून आलेले आहे आणि त्यात ‘ल’ व ‘श’ मराठी घाटाचे आहेत, हिंदी घाटाचे नाहीत. दोन भाषा समोरासमोरच्या पानांवर असतील तर बरे. एकाच ओळीत मिसळत असतील तर ओळीचे अंतर देवनागरीच्या मापाने, म्हणजे ११ पॉइंटांच्या रोमनसोबतही १६ ते १७ पॉइंट, ठरवून पक्के करावे, नाहीतर एखादा ‘र्की’ किंवा ‘ट्टू’ ओळ खालीवर ढकलतो. देवनागरीला इटॅलिक करू नये. बास्करव्हिलमध्ये जेथे इटॅलिक आहे तेथे मराठी पानावर एकेरी अवतरणचिन्हे पुरेशी आहेत.

वर्डमध्ये काम करणाऱ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना: फॉन्टच्या चौकटीत रोमन मजकुरासाठी आणि देवनागरीसारख्या जटिल लिप्यांसाठी दोन स्वतंत्र रकाने असतात. शैली तयार करतानाच एका रकान्यात बास्करव्हिल आणि दुसऱ्यात देवनागरी फॉन्ट भरला, प्रत्येकाचा आकारही वेगळा दिला, की पुढे एकेक शब्द निवडून फॉन्ट बदलत बसावे लागत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्याशिवाय जोडाक्षरे तुटतात, तेव्हा ती निवड सर्वप्रथम करावी.

सहावी पायरी: कोठे वापरावे आणि कोठे टाळावे

सलग इंग्रजी गद्य, चरित्रे, निबंध, कविता, मानपत्रे, लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू, ग्रंथालयाचे किंवा महाविद्यालयाचे पत्रशीर्ष या ठिकाणी बास्करव्हिल शोभते. २०१२ साली एरॉल मॉरिस या माहितीपटकाराने एका अमेरिकी दैनिकाच्या वाचकांवर केलेल्या प्रयोगात एकच विधान सहा वेगवेगळ्या अक्षरवळणांत दाखवले, तेव्हा बास्करव्हिलमध्ये वाचणाऱ्यांनी त्याच्याशी किंचित अधिक सहमती दर्शवली. फरक फार लहान होता. केवळ त्यावर विसंबून अर्ज या अक्षरात लिहू नये, पण या अक्षराला एक शांत अधिकार आहे ही जाणकारांची जुनी समजूत त्याने गमतीदार रीतीने पुढे आणली.

रस्त्यावरच्या पाट्या, औषधांच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर, गर्दीचे तक्ते, गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत छापलेला मजकूर येथे ते टाळावे. शेवटच्या प्रकारात चारही बाजूंनी शाई आत सरकते आणि बारीक रेघा भरून जातात. आमंत्रणपत्रिकेवर सोनेरी फॉइल हवे असेल तर अक्षर किमान १४ पॉइंटांचे ठेवावे आणि दणकट वजन घ्यावे.

सातवी पायरी: खऱ्या कागदावर नमुना काढा

पडद्यावर पान मोठे करून पाहिल्यावर सगळीच अक्षरे सुंदर दिसतात. म्हणून पीडीएफ तयार करताना फॉन्ट अंतर्भूत झाले आहेत याची खात्री करावी, मजकुराचा रंग चार रंगांच्या मिश्रणातला काळा नसून केवळ काळ्या एका शाईचा आहे हे तपासावे, आणि दोन पाने, एक गद्याचे व एक इटॅलिक-तळटीपांचे, ज्या यंत्रावर आणि ज्या कागदावर पुस्तक छापले जाणार आहे त्याच यंत्रावर व कागदावर काढून घ्यावीत. चार शाईंच्या काळ्यात एक रंग केसभर सरकला तरी बास्करव्हिलच्या बारीक रेघेला सावली पडते.

नमुना खिडकीजवळच्या उजेडात, हातभर अंतरावर धरून पाहावा. लहान ‘ई’ची आडवी रेघ, लहान ‘ए’चा माथा आणि इटॅलिक ‘एन’चे सांधे भिंगाखाली सलग दिसले पाहिजेत. ते तुटत असतील तर पर्याय या क्रमाने वापरावेत: आकार अर्धा पॉइंट वाढवावा, तरीही तुटले तर लिब्रे बास्करव्हिलसारखा दणकट फॉन्ट घ्यावा आणि पाने पुन्हा मोजावीत, फॉन्ट बदलायचा नसेल तर अधिक गुळगुळीत कागदाचा भाव विचारावा. कागद बदलला की नमुना पुन्हा काढावा लागतो.